मिठाच्या डब्यातली जकात



आपल्या स्वयंपाकघरात सगळ्यात स्वस्त डबा कोणता, असं विचारलं तर तुम्ही क्षणभरही न थांबता मिठाच्या डब्याकडे बोट दाखवाल. डाळीचा भाव आपण लक्षात ठेवतो, तेलाचा तर तोंडपाठ असतो, पण मिठाचा पुडा गेल्या महिन्यात कितीला आणला हे कुणाला आठवत नाही. मीठ आठवतं ते आयंबिलच्या दिवशी, किंवा रविवारी अळणी जेवण्याचा नियम असेल तेव्हा.

याच डब्यावरून आज मला एक वेगळी गोष्ट सांगायची आहे. परदेशातून पार्सल आलं की पोस्टमन किंवा कुरियरवाला दारात उभा राहून जे जास्तीचे पैसे मागतो, त्यांची. आता घरोघरी कुणाची तरी मुलं बाहेर आहेत, त्यामुळे हा प्रश्न नेहमी निघतो. "वस्तूचे पैसे भरले, पाठवण्याचे पैसे भरले, मग हे तिसरे पैसे कशाचे?" ते असतात आयात शुल्क आणि त्यावरचे कर. जुन्या शब्दात सांगायचं तर जकात.

जकात म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर नाका येतो आणि तोंड वाकडं होतं. पण जकात म्हणजे नेहमी लूटच असते असं नाही, आणि ती नेहमी न्यायाचीच असते असंही नाही. ती कुणावर बसते आणि कुणासाठी बसते, यावर सगळं ठरतं. हे समजून घ्यायला आपल्याच मातीतली, कोकण आणि गोव्यातली मिठाची गोष्ट पुरेशी आहे. ती सुमारे साडेतीनशे वर्षांची आहे.

कुडाळच्या सरसुभेदाराला गेलेलं पत्र

"जकात" हा शब्द मुळात अरबी. तिकडे त्याचा अर्थ धर्मासाठी द्यायचं दान. आपल्याकडे येईपर्यंत तो मालावरच्या कराचा शब्द झाला. शिवकालात घाटवाटा, बंदरं आणि बाजारपेठा अशा ठिकाणी जकात घेतली जाई, आणि राज्याच्या उत्पन्नाचा तो मोठा भाग होता.

डिसेंबर १६७१. शिवाजी महाराजांचं राज्य तळकोकणात कुडाळपर्यंत पोचलं होतं. त्याच्या दक्षिणेला पोर्तुगीजांचा बारदेश, म्हणजे आजच्या उत्तर गोव्यातला तालुका. बारदेश पोर्तुगीजांकडे १५४३ पासून होता. तिथल्या खाड्यांच्या काठी मिठागरं होती. भरतीचं पाणी वाफ्यांत घ्यायचं, उन्हात आटू द्यायचं, आणि वर धरलेलं मीठ ओढून ढीग लावायचे. हडफडे-नागवे भागात आजही अशी मिठागरं दिसतात.

महाराजांच्या राज्यातही मीठ पिकत होतं. संगमेश्वर आणि प्रभावळी या भागांतलं मीठ घाटावर जाई. घाटावर मीठ पिकत नाही, त्यामुळे लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्य घेऊन खाली उतरत आणि मीठ घेऊन वर चढत. मिठाचा गिऱ्हाईक कोकणात आला की त्याच्याबरोबर धान्य येई, कापड येई, नाक्यावर जकात येई. सगळी पेठ मिठाच्या मागे उभी असे.

आता अडचण अशी झाली की बारदेशचं मीठ स्वस्त पडू लागलं. व्यापारी सरळ तिकडे वळले तर इकडच्या मिठागरांचं काय? बंदरं ओस पडणार, घाटवाटेचं उत्पन्न बुडणार, आणि मीठ पिकवणाऱ्याच्या घरची चूल थंडावणार.

महाराजांनी कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांना पत्र लिहिलं. पत्राचा आशय असा, की बारदेशात मीठ काय भावाने विकतं त्याचा हिशेब नीट करून घ्यावा. त्यावर वाटेतली जकात आणि खर्च धरावा. इकडे संगमेश्वराकडे मीठ काय भावाने विकतं तेही पाहावं. आणि मग घाटावर जाणाऱ्या बारदेशच्या मिठावर एवढी जबर जकात बसवावी, की ते संगमेश्वरच्या मिठापेक्षा महाग पडेल.

मैत्रिणींनो, ही रीत जरा निरखून पाहा. बाहेरच्या मालाचा मूळ भाव, त्यात वाहतूक, त्यावर शुल्क, आणि त्या बेरजेची घरच्या मालाच्या भावाशी तुलना. आजचं सीमाशुल्क खातं पार्सलवर जो हिशेब मांडतं, त्याची मांडणी हीच आहे. अर्थशास्त्राची पुस्तकं ज्याला संरक्षक जकात म्हणतात, तिचं हे मराठीतलं अस्सल उदाहरण.

यात घाटावरच्या गृहिणीला मीठ थोडं महाग पडलं असेल. ते लपवण्यात अर्थ नाही. संरक्षक जकातीची किंमत शेवटी विकत घेणाराच देतो. पण तो पैसा आपल्याच मुलखातल्या मिठागरावर राबणाऱ्या हातांना काम देत होता, आणि राज्याच्या खजिन्यात पडत होता. राजाने आपल्या रयतेतल्या एका घरासाठी दुसऱ्या घराकडून थोडं मागितलं. हा हिशेब पटो न पटो, तो समजण्यासारखा आहे.

बंगालमध्ये आलेलं इंग्लंडचं मीठ

तीच जकात दुसऱ्या हातात गेली की काय होतं, हे पाहायला शंभर वर्षं पुढे आणि देशाच्या दुसऱ्या टोकाला जावं लागतं.

१७७२ मध्ये वॉरन हेस्टिंग्जने बंगालमधलं मीठ कंपनीच्या ताब्यात घेतलं. मेदिनीपूरच्या किनाऱ्यावर मलंगी नावाचे लोक खारं पाणी उकळून मीठ काढत. त्यांनी ते कंपनीलाच द्यायचं, कंपनी ठरवेल त्या भावाने. मग कंपनी ते कित्येक पट दराने व्यापाऱ्यांना विकणार. आपल्या देशातलं मीठ, आपल्याच माणसांनी काढलेलं, आणि त्यावर एवढा बोजा.

त्याच वेळी इंग्लंडमधल्या चेशायर परगण्यात जमिनीखालून मिठाचे मोठे साठे निघत होते. ते मीठ लिव्हरपूल बंदरातून निघे. कलकत्त्याहून माल आणायला जाणारी जहाजं जाताना रिकामीच असत, आणि रिकामं जहाज समुद्रात डुलतं, त्याला तळाशी वजन लागतं. ते वजन म्हणून मीठ भरलं की भाडं जवळजवळ फुकट. असं स्वस्तात आलेलं मीठ कलकत्त्याला उतरू लागलं.

त्याच्यावर आयात जकात होती. वरवर पाहता वाटेल, मग बरंच झालं, मलंग्याला संरक्षण मिळालं. पण खरी मेख इथेच आहे. इंग्लंडच्या मीठवाल्यांचा आग्रह असा होता, की देशी मिठावर सरकार जेवढा बोजा घालतं, त्याहून परदेशी मिठावर जास्त नसावा. आणि १८४० नंतरच्या काळात धोरण तसंच चाललं. म्हणजे दोघांच्या पायात सारख्याच वजनाच्या बेड्या. त्यातला एक वाफेवर आणि मोठ्या भांडवलावर धावणारा, दुसरा चिखलात अनवाणी उभा. १८६३ पर्यंत सरकारने बंगालमधलं आपलं मीठ काढण्याचं काम बंद केलं. बंगालच्या घरात लिव्हरपूलचं मीठ आलं.

म्हणून कुठल्याही आयात जकातीबद्दल ऐकलं की नुसती टक्केवारी विचारू नका. तोच बोजा घरच्या मालावर आहे का, ते विचारा. बाहेरच्यावर दहा आणि घरच्यावर शून्य, हे संरक्षण. बाहेरच्यावर दहा आणि घरच्यावरही दहा, हा फक्त खजिन्याचा भरणा.

ही युक्ती पुढे कापडातही झाली. १८९६ मध्ये सरकारने परदेशी कापडावर साडेतीन टक्के आयात जकात ठेवली, आणि मँचेस्टरच्या समाधानासाठी मुंबईच्या गिरण्यांत विणलेल्या कापडावरही साडेतीनच टक्के अबकारी बसवली. लोकमान्य टिळकांनी त्याविरुद्ध लेखणी उचलली आणि विलायती कापडावर बहिष्काराची भाषा आपल्याकडे सुरू झाली, ती याच रागातून.

काटेरी कुंपण

मिठावर प्रांताप्रांतात वेगळा कर होता. बंगालकडे मणाला तीन रुपयांच्या वर, मुंबई इलाख्यात त्याहून बराच कमी. मग स्वस्त भागातलं मीठ महाग भागात चोरून जाणारच. ते अडवायला सरकारने देशाच्या आतच एक जकातीची सीमा आखली. सिंधू नदीपासून महानदीपर्यंत, सुमारे २३०० मैल. आणि त्या सीमेवर मोठ्या लांबीवर बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग अशा काटेरी झाडांचं कुंपण उभं केलं. भर जोरात असताना त्यावर सुमारे बारा हजार माणसं पहाऱ्याला होती. काँग्रेसच्या स्थापनेत ज्यांचं नाव आपण शाळेत शिकलो, ते ॲलन ह्यूम काही वर्षं याच खात्याचे आयुक्त होते.

एका चिमूटभर वस्तूसाठी देश कापणारं कुंपण. १ एप्रिल १८७९ ला ते बंद झालं. पण ते दया येऊन बंद झालं नाही. सरकारने राजपुतान्यातलं सांभर सरोवर आणि इतर उगमच ताब्यात घेतले होते आणि प्रांताप्रांतातला कर जवळपास सारखा केला होता. मीठ पिकतं तिथेच कर कापला, की कुंपणाची गरज उरत नाही.

हा कर सारखा करताना मुंबई इलाख्याचा वाढला. आपल्याकडे १८३७ मध्ये मणाला आठ आणे होते. १८४४ मध्ये तो एक रुपया केला तेव्हा सुरतेत लोक रस्त्यावर आले, दंगा झाला, आणि सरकारला तो बारा आण्यांवर आणावा लागला. पण पुढे तो चढतच गेला, आणि कुंपण निघण्याच्या सुमारास अडीच रुपये झाला. मण म्हणजे सुमारे ३७ किलो. घरात पाच माणसं आणि वर्षाला पंचवीस किलो मीठ धरलं, तर पावणेदोन रुपयांच्या आसपास नुसता कर. श्रीमंताच्या घरीही तेवढाच आणि मजुराच्या घरीही तेवढाच, कारण मीठ कुणी श्रीमंतीने जास्त खात नाही. उलट घाम गाळणाऱ्यालाच ते जास्त लागतं.

पुन्हा बारदेश

आता गोष्ट परत गोव्याकडे वळते.

सगळ्या हिंदुस्थानात मीठ पिकतं तिथेच कर लागू झाला, पण गोवा पोर्तुगीजांचा. तिथलं मीठ करमुक्त, आणि म्हणून स्वस्त. सीमेपलीकडे मण मण महाग मीठ आणि अलीकडे ढिगाने स्वस्त मीठ, मग रात्री डोंगरवाटांनी पोती जाणारच. इंग्रजांच्या दृष्टीने गोवा म्हणजे बंद केलेल्या भिंतीतली फट होती.

२६ डिसेंबर १८७८ रोजी इंग्रज आणि पोर्तुगीज सरकारांनी करार केला. १८८० पासून बारा वर्षांसाठी दोन्ही मुलखांमधली जकातीची सीमा उठली. ऐकायला छान वाटतं, नाही का? नाके गेले, माल मोकळा झाला, मुरगावहून घाटावर रेल्वे नेण्याचा मार्गही याच करारातून मोकळा झाला. पण बदल्यात गोव्यातल्या मिठागरांवर इंग्रजांचा ताबा आला. किती मीठ पिकवायचं ते त्यांनी ठरवायचं, त्यावर इंग्रज हद्दीतल्यासारखाच कर लावायचा. भरपाई म्हणून पोर्तुगीज सरकारला वर्षाला चार लाख रुपये.

पैसे सरकारला मिळाले. मिठागरं मात्र बंद पडली. ज्या गोव्यात मीठ मातीच्या मोलाने मिळे, नारळाच्या मुळाशीही घातलं जाई, तिथल्या घरात ते मोजून वापरायची वेळ आली. मीठ पिकवणारी, त्यावर मासळी खारवून पोट भरणारी कुटुंबं अडचणीत आली. १८९२ मध्ये मुदत संपली तेव्हा करार पुन्हा झाला नाही आणि सीमेवर नाके परत आले.

दोनशे वर्षांपूर्वी महाराजांनी बारदेशच्या मिठावर जकात बसवली होती, तेव्हा बारदेशच्या मीठकऱ्याचा तोटा झाला असणार, हे खरंच. पण त्यांनी त्याचं आगर बंद केलं नव्हतं. आपल्या हद्दीत तुझा माल महाग विकेन, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. १८७८ च्या कराराने जकात काढून टाकली आणि आगरच आवळलं. म्हणून "जकात नाही" म्हणजे नेहमी "मोकळीक आहे" असंही समजू नये.

चोरी आणि सत्याग्रह

इथे एक प्रश्न माझ्या मनात नेहमी येतो, आणि तो आपल्या व्रतांशी जोडलेला आहे.

अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात आहेत. चोराला उत्तेजन देणं, चोरीचा माल घेणं, विरुद्धराज्यातिक्रम, मापात कमीजास्त करणं, आणि अस्सलमध्ये नकली मिसळणं. पाचही अतिचार बाजारपेठेतले आहेत, कारण श्रावक व्यापारी होता. त्यातल्या विरुद्धराज्यातिक्रमाचा अर्थ प्रवचनांत बहुतेक वेळा असा समजावतात, की राज्याचा नियम डावलून माल आणू-नेऊ नये, जकात चुकवू नये.

मग ज्यांनी मिठाचा कायदा मोडला त्यांचं काय?

१९३० मध्ये मिठावर मणाला सव्वा रुपया कर होता. त्याआधी गोखल्यांनी कायदेमंडळात हा कर कमी करण्यासाठी सतत आवाज उठवला होता, आणि १९०३ ते १९०७ मध्ये तो टप्प्याटप्प्याने अडीच रुपयांवरून एक रुपयापर्यंत खालीही आला. पण १९२३ मध्ये कायदेमंडळाने नको म्हटलं असताना व्हाइसरॉयने स्वतःच्या अधिकारात तो परत अडीच रुपये केला, आणि पुढच्या वर्षी सव्वा रुपयावर आणला. लोकांना कळलं, की कर किती यापेक्षा तो कुणाच्या संमतीने, हा प्रश्न मोठा आहे.

गांधीजींनी २ मार्च १९३० ला व्हाइसरॉयला पत्र लिहून आधीच कळवलं, की आपण काय करणार आहोत. १२ मार्चला ते साबरमतीहून निघाले आणि ६ एप्रिलला दांडीला चिमूटभर मीठ उचललं. मुंबईत अवंतिकाबाई गोखले आणि कमलादेवी चट्टोपाध्याय यांनी उघडपणे कायदा मोडला, वडाळ्याच्या मिठागरांवर हजारो लोक चालून गेले. आणि मे महिन्यात शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला. शिरोडा म्हणजे वेंगुर्ल्याच्या खाली, गोव्याच्या हद्दीजवळचं गाव. १६७१ चं ते पत्र ज्या कुडाळला गेलं, त्याच मुलखातलं.

माझ्या मते उत्तर या उघडपणातच आहे. चोरी लपण्यावर जगते. जकात चुकवणारा रात्री जातो, कागदावर खोटं लिहितो, सापडला तर दुसऱ्याचं नाव सांगतो, आणि वाचलेले पैसे खिशात घालतो. सत्याग्रही दिवसा जातो, आधी सांगून जातो, लाठी खातो, तुरुंगात जातो, आणि त्याला मिळतं ते मूठभर मातकट मीठ. पहिल्यात लोभ आहे, दुसऱ्यात त्याग. अतिचार कायद्याच्या अक्षराला लागत नाही, मनातल्या लोभाला लागतो.

पुढचा इतिहास थोडक्यात. मार्च १९३१ च्या गांधी-आयर्विन करारात किनाऱ्यालगतच्या गावकऱ्यांना घरच्यापुरतं आणि गावात विकण्यापुरतं मीठ काढायची मुभा मिळाली. त्याच वर्षी परदेशी मिठावर मणाला साडेचार आण्यांची जादा आयात जकात बसली, देशी मिठावर ती नव्हती. म्हणजे बाहेरचं मीठ घरच्या मिठाहून महाग पडावं, हा विचार महाराजांच्या पत्रानंतर बरोबर २६० वर्षांनी पुन्हा कागदावर आला. आणि १ एप्रिल १९४७ पासून मिठावरचा करच गेला. आज आपल्या मिठावर जीएसटीही शून्य आहे. तो स्वस्त डबा असा स्वस्त झालेला आहे.

दारातलं पार्सल

आता त्या कुरियरवाल्याकडे येऊ. तो जे पैसे मागतो, त्याचा हिशेब असा असतो.

समजा मुलाने पाठवलेल्या वस्तूची किंमत, पाठवण्याचं भाडं आणि विमा मिळून दहा हजार रुपये झाले. कर वस्तूच्या नुसत्या किमतीवर लागत नाही, भाडं-विमा धरून झालेल्या बेरजेवर लागतो, हे पहिलं लक्षात ठेवायचं. त्या वस्तूवर मूळ सीमाशुल्क समजा २० टक्के आहे, तर झाले २,००० रुपये. त्या शुल्काच्या १० टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे २०० रुपये. आता बेरीज १२,२००. या सगळ्यावर एकात्मिक जीएसटी, समजा १८ टक्के, तो २,१९६ रुपये. एकूण कर ४,३९६ रुपये. दर वस्तूवस्तूला बदलतात, पण पायऱ्या याच. करावर कर चढतो, म्हणून आकडा आपल्या अंदाजाच्या पुढे जातो.

आता बंगालच्या मिठाची खूण इथे लावून पाहा. जीएसटीचा भाग इथे बनलेल्या वस्तूवरही लागतो, म्हणजे ती सारखी बेडी झाली. इथल्या कारागिराला संरक्षण देतात ते पहिले २,२०० रुपये. पार्सलचं बिल हातात आलं की त्याच्याकडे असं दोन भागांत पाहिलं तर निम्मा राग आपोआप उतरतो.

भेट म्हणून पाठवलं तर? आपल्याकडे पूर्वी पाच हजार रुपयांपर्यंतच्या भेटवस्तूला शुल्कातून सूट होती. तिचा आडोसा घेऊन विकत घेतलेला माल "भेट" लिहून येऊ लागला, आणि डिसेंबर २०१९ मध्ये ती सूट काढली गेली. अपवाद राहिले जीवनरक्षक औषधं आणि राखी. नुसती राखी हं, तिच्यासोबतची भेटवस्तू नाही! सरकारी कागदावर भावाबहिणीचं नातं असं मोजूनमापून उतरलेलं आहे. उलट बाजूने, अमेरिकेत २०२५ च्या ऑगस्टअखेरपर्यंत ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलवर शुल्क नव्हतं, ती सवलतही आता बंद आहे. तिकडे भेटीला सूट राहिली ती १०० डॉलरपर्यंतच. दिवाळीचा फराळ आणि त्यात चांदीचा दिवा असं एकत्र भरताना हे ध्यानात ठेवायला हवं.

आणि हे सगळं कळलं की एक सल्ला हमखास मिळतो. "अहो, किंमत कमी लिहायची, कोण बघतंय?" पाच हजारांची साडी, कागदावर पाचशे. नवीन वस्तू, कागदावर "वापरलेली". आपण चातुर्मासात पाणी गाळून पितो, कंदमूळ टाळतो, रात्री जेवत नाही, आणि पार्सलच्या फॉर्मवर मात्र सही करताना हात थरथरत नाही. व्रत स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी संपतं का? विरुद्धराज्यातिक्रम हा शब्द समुद्रावरून माल आणणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी होता असं वाटत असेल, तर तो व्यापारी आता आपण झालो आहोत, मोबाइलवरून बोट फिरवून माल आणणारे.

कर अन्यायाचा वाटला तर त्याविरुद्ध उघड बोलावं. गोखल्यांसारखं बोलता येतं, दांडीला गेलेल्यांसारखं सोसताही येतं. ते जमत नसेल तर वस्तू मागवू नये, तीही एक परिग्रहाची मर्यादाच. पण मागवली, तर खरी किंमत लिहावी आणि पैसे भरावेत. त्यात व्यवहारही आहे, कारण खोटी किंमत पकडली गेली तर दंड होतो, माल अडकतो, आणि पार्सल हरवलं तर विमाही त्या खोट्या पाचशेचाच मिळतो.

मुलांना परदेशातून काही पाठवायचं असेल तर आधी तीन गोष्टी विचारायला सांगा. वस्तूवर शुल्क किती टक्के, ते भाडं धरून किती होईल, आणि तीच वस्तू इथे केवढ्याला मिळते. सरसुभेदार नरहरी आनंदरावांना महाराजांनी करायला सांगितलेला हिशेब हाच होता. पुष्कळदा असं दिसेल, की शेजारच्या पेठेतली वस्तू स्वस्त पडते, आणि तिच्यामागे आपल्याच मुलखातल्या कुणाची तरी चूल पेटते.